सुरतेचा जागल्या

मागच्या डिसेंबरात मंडळातले चौघं जण माझ्या घरी सुरतेला आले होते. शुक्रवारी संध्याकाळी मुंबई सेंट्रलहून फ्लाइंग राणी पकडली आणि रात्री साडेदहाच्या पुढे सुरत स्टेशनात उतरले. मी न्यायला गेले होते. सामान रिक्षात चढायच्या आतच डोंबिवलीकर मैत्रिणीने विचारलं, की तुमच्याकडे नाइटलाइफ काय असतं? वसईकर मित्र हसला. १९६० साली राज्य झालं तेव्हापासून दारूबंदी आहे, कसलं आलंय नाइटलाइफ, असं त्याचं म्हणणं. मीही हसले, पण आतून थोडी ओशाळले. सुरतेला आपलं शहर म्हणायचं आणि पाहुण्यांना रात्री काय दाखवायचं ते सुचू नये, हे काही बरं नाही.

आम्ही राहतो कोसाडला. तापीच्या उत्तरेला, अमरोलीच्या पुढे. आवासच्या इमारतींच्या रांगाच रांगा आहेत, खाली दोरीवर कपडे, वर टीव्हीचे आवाज. आमच्या जिन्यात धुळ्याचे आहेत, जळगावचे आहेत, ओडिशाचे आहेत, उत्तर प्रदेशातले आहेत. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले कॅथलिक. पप्पा पंचवीस वर्षांपूर्वी लूमवर कामाला आले आणि इथलेच झाले. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकले, नंतर इंग्रजी माध्यमात गेले, आणि आता मुंबईत आपल्या कॉलेजात साहित्य शिकते. गुजराती मात्र मला कुणी शिकवली नाही. ती जिन्यातच आली.

शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर शेजारच्या रिक्षावाल्या काकांना गळ घातली. ते जळगावचे. पाच जणांना कोंबून बसवलं आणि म्हणाले, पोलीस दिसला तर दोघांनी वाकायचं. मी मनाशी ठरवलं होतं, की ह्यांना एका माणसाचं घर दाखवायचं. तो माणूस १८८६ मध्येच गेला. पण ह्या शहराच्या रात्रीबद्दल त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला काही सांगता येईल असं मला वाटत नाही. त्याचं नाव नर्मदाशंकर लालशंकर दवे. गुजरातेत सगळे त्याला नर्मद म्हणतात, किंवा वीर नर्मद.

अमरोलीचा पूल ओलांडून आम्ही कतारगामात शिरलो. इथं रात्री अकरालाही कारखान्यांमधून लूमचा खटखटाट चालू असतो. नागपूरकर मैत्रिणीला आधी वाटलं पाऊस पडतोय. कतारगाम दरवाज्याजवळ इंग्रजांची जुनी दफनभूमी आहे. कुलूप होतं, पण बाहेरूनही ऑक्झेंडन भावांच्या थडग्यावरचे घुमट दिसतात. त्यातला जॉर्ज ऑक्झेंडन हा १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा इंग्रज वखारीचा प्रमुख होता. चौघंही एकदम सावरून बसले. सुरत म्हटलं की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० एवढीच दोन सालं आठवतात. लहानपणी शाळेत मीही ती ताठ मानेने पाठ केली, आणि संध्याकाळी ज्यांच्या पूर्वजांची घरं त्यात जळाली असतील त्यांच्याच मुलांशी खेळायला गेले. ह्या दोन्ही गोष्टी एकाच मुलीला झेपतात, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. मी पुढे चला म्हटलं.

चौकात किल्ल्यासमोर उतरून सगळ्यांनी कोल्ड कोको प्यायला. दाट, थंडगार, चमच्याने खावा असा. डिसेंबरात थंडी वाजत असताना तो का प्यायचा, ह्याचं उत्तर सुरती माणसाकडे नसतं. तिथून गल्ल्यांमधून चालत आम्ही गोपीपुऱ्यात गेलो. त्याच्या बाजूला आमलीरान. आमली म्हणजे चिंच. आता तिथं चिंचांचं रान नाही, माणसांचं आहे. तिथंच नर्मदचं घर आहे, त्याने त्याला सरस्वती मंदिर असं नाव दिलं होतं. महापालिकेने ते आता जपून ठेवलंय. रात्री अर्थातच बंद. समोरच्या ओट्यावर आम्ही बसलो आणि मी सांगायला सुरुवात केली.

नर्मदचा जन्म २४ ऑगस्ट १८३३ चा, ह्याच सुरतेतला. ही तारीख आता गुजराती भाषेचा दिवस म्हणून पाळतात, आपण २७ फेब्रुवारी पाळतो तशी. वडील लालशंकर हे लेखनिक. दुसऱ्यांच्या कागदांच्या सुबक नकला करून पोट भरणारे. त्यामुळे मुलाचं लहानपण सुरत आणि मुंबई ह्यांच्यामध्ये हेलपाटे घालण्यात गेलं. तो चार वर्षांचा असताना, १८३७ मध्ये, सुरतेला प्रचंड आग लागली आणि निम्मं शहर बसलं. व्यापार आधीच मुंबईला गेला होता. म्हणजे नर्मदने जी सुरत पाहिली ती सरलेल्या वैभवाची. तरी त्याने पुढे ह्या शहराचा छोटा इतिहास लिहिला. पाहुण्याला गाव दाखवणारा लेखी वाटाड्याच म्हणा.

तो दहा-अकरा वर्षांचा असताना इथं एक गोष्ट घडली, जी आपल्या मंडळाला ठाऊक असायला हवी. १८४४ मध्ये सुरतेत मानवधर्म सभा निघाली. जातिभेद, भूतपिशाच, विधवांचे हाल ह्यांवर उघड बोलणारी. ती काढणाऱ्यांत दुर्गाराम मेहताजी होते आणि त्यांच्याबरोबर आपले दादोबा पांडुरंग तर्खडकर. होय, मराठी व्याकरणवाले दादोबा. तेव्हा ते सुरतेत शिक्षक होते. सुरतेला आलेला मराठी माणूस फक्त लूट न्यायला आला असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे मी मुद्दाम लक्षात ठेवलंय.

नर्मद मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये शिकला. मुलगा लाजाळू होता. पण चार मित्र जमले की त्याला कंठ फुटायचा. १८५१ मध्ये, अठराव्या वर्षाच्या आसपास, त्याचा एक निबंध छापला गेला : मंडळी मळवाथी थता लाभ. अर्थ सरळ आहे, माणसं एकत्र जमल्याने होणारे फायदे. आधुनिक गुजराती गद्याची सुरुवात बहुतेक जण इथून धरतात. मी हे सांगताच वसईकर म्हणाला, की हा तर आपल्याच मंडळाचा जाहीरनामा झाला. खरंच झाला. एका भाषेचं गद्य मित्र जमवण्याच्या विषयापासून सुरू झालं, ह्याचा मला फार आनंद वाटतो.

पण आयुष्य मैफिलीसारखं चाललं नाही. आई गेली. शिक्षण अर्धवट सोडून तो सुरतेला परतला आणि १८५२ मध्ये रांदेरच्या शाळेत मास्तर झाला. रांदेर तापीच्या पलीकडे, म्हणजे आमच्या कोसाडच्याच काठाला. तेव्हा पूल नव्हता. होप पूल झाला १८७७ मध्ये. तेव्हा मास्तरांना नदी ओलांडायला होडीच. मी दर सुट्टीत अमरोलीच्या पुलावरून जाताना त्या होडीतल्या एकोणीस वर्षांच्या मास्तराचा विचार करते. पोटासाठी ह्या काठावर, मन त्या काठावर. १८५३ मध्ये त्याची पहिली बायको गुलाब बाळंतपणात गेली. वयाच्या विसाव्या वर्षी तो विधुर झाला. पुन्हा मुंबई, पुन्हा कॉलेज, पुन्हा ते सुटणं. मग मास्तरकीच.

आणि आता ती तारीख, जिच्यासाठी मी चौघांना इथं आणलं होतं. २३ नोव्हेंबर १८५८. नर्मद पंचवीस वर्षांचा. मुंबईच्या शाळेतली चांगली नोकरी. दिवसभर शिकवायचं आणि कवितेला उरायचं ते थकलेलं डोकं. त्या दिवशी त्याने राजीनामा दिला, घरी येऊन लेखणीकडे पाहिलं, डोळे भरून आले आणि त्याने ठरवलं की आता हिच्याच कुशीत राहायचं. लिहिण्यावर जगायचं. वाचणारा वर्गच जेमतेम तयार होत असलेल्या भाषेत असा निर्णय घेणं म्हणजे पाण्याचा अंदाज न घेता उडी मारणं.

डोंबिवलीकर मैत्रीण गप्प झाली. ती आणि मी दोघी जूनमध्ये पदवीधर होणार. तिच्या घरी बँकेच्या परीक्षांची पुस्तकं आणून ठेवलीत, माझ्या घरी बी.एड.चा विषय निघालाय. आमच्या दोघींच्याही वहीत कविता आहेत. ह्यावर आम्ही काही बोललो नाही.

राजीनाम्यानंतरची काही वर्षं नर्मदची. विधवाविवाहाच्या बाजूने तो भाषणं द्यायचा, लिहायचा. २१ ऑगस्ट १८६० ला वैष्णवांचे धर्मगुरू जदुनाथजी महाराज ह्यांच्यासमोर विधवाविवाहाच्या प्रश्नावर उभं राहण्याचं धाडस त्याने केलं. सारी मुंबई ज्यांच्या पाया पडते त्यांना सभेत भिडायचं, ही लहान गोष्ट नव्हे. पुढे त्याचे मित्र करसनदास मुळजी ह्यांच्यावर ह्याच महाराजांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. १८६२ मध्ये करसनदास जिंकले. आपले डॉक्टर भाऊ दाजी लाड त्या खटल्यात साक्षीला उभे होते. विधवेच्या दुःखावर तेव्हा आपल्याकडेही लेखणी चालत होती. बाबा पदमनजींचं यमुनापर्यटन १८५७ चं. बाबा ख्रिस्ती, नर्मद नागर ब्राह्मण, दोघांनी एकमेकांची नावं ऐकली असतील-नसतील, पण दोघांना दिसत होतं ते एकच.

आणि मग १८६४ चा सप्टेंबर. नर्मदने मित्रांना घेऊन पाक्षिक काढलं. त्याचं नाव दांडियो. आज दांडिया म्हटलं की नवरात्रातल्या टिपऱ्या डोळ्यांसमोर येतात. पण दांडियो म्हणजे रात्री दांडकं आपटत, आवाज देत गल्लीबोळांतून फिरणारा पहारेकरी. आमच्या नगरकडे आजी ज्याला जागल्या म्हणायची, तो. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तेव्हा मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि शेअरच्या सट्ट्याने माणसं वेडी झाली होती. पुढच्याच वर्षी सगळं कोसळलं. त्या झिंगलेल्या शहरात हा जागल्या फिरत होता. श्रीमंतांना, ढोंगी सुधारकांना, लाच खाणाऱ्यांना, झोपलेल्या सामान्यांना, सगळ्यांनाच हाका मारत. १८६९ पर्यंत त्याची फेरी चालली.

मला ह्यात आवडतं ते हे, की त्याने स्वतःच्या पत्राला सूर्य किंवा दिवा असं नाव दिलं नाही. पहारेकऱ्याचं दिलं. गावात सगळ्यांत कमी पगाराचा माणूस. लोक ज्याच्यावर वैतागतात, आणि ज्याच्या भरवशावर झोपतात.

इथवर गोष्ट छान आहे. पण नागपूरकर मैत्रिणीने विचारलं, की घरात कोण कोण होतं? आणि मला पुढचंही सांगावं लागलं. नर्मदचं दुसरं लग्न १८५६ मध्ये डाहीगौरीशी झालं होतं. बोललो ते करून दाखवायचं म्हणून त्याने आधी सवितागौरी ह्या विधवेला आसरा दिला, जातीचा रोष पत्करला. १८६९ मध्ये त्याने सुभद्रा नावाच्या विधवेशी लग्न केलं. तिला पुढे नर्मदागौरी म्हणू लागले. हे धैर्य खरं. पण डाहीगौरी त्या वेळी ह्याच संसारात होती. एका बाईवरचा अन्याय दूर करताना दुसरीच्या ताटात काय पडलं? भाषणांत ह्याचं उत्तर नाही. मी त्या बंद दाराकडे बघत होते. मला वाटलं, ह्या घरात रात्री जागी राहणारी आणखी एक व्यक्ती होती, आणि तिने कुठलंही पाक्षिक काढलं नाही.

स्वतःबद्दल मात्र त्याने फारसं लपवलं नाही. १८६६ मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिलं, मारी हकीकत. गुजरातीतलं हे पहिलं आत्मचरित्र मानतात. हट्ट, भांडणं, चुका, सगळं त्यात आहे. म्हणूनच त्याने त्याच्या अगदी मोजक्या प्रती छापल्या. लोकांच्या हाती ते आलं १९३३ मध्ये, त्याच्या जन्मशताब्दीला.

दुसरं काम कोशाचं. एकट्या माणसाने वर्षानुवर्षं शब्द गोळा केले. १८७३ मध्ये नर्मकोश पुरा झाला. पंचवीस हजारांहून जास्त शब्द, गुजरातीचे अर्थ गुजरातीतच दिलेले. गुजरातेत आज सगळ्यांना पाठ असलेलं जय जय गरवी गुजरात हे गीत मुळात ह्याच कोशाच्या सुरुवातीला छापलं होतं. कोशाने कीर्ती दिली आणि कर्जही. पुस्तकं विकली जात नव्हती, छपाईची देणी थकत होती. मग जगाचा इतिहास लिहून झाला, नाटक कंपन्यांसाठी नाटकं लिहून झाली.

शेवटी १८८२ मध्ये, शपथेनंतर चोवीस वर्षांनी, नर्मदने नोकरी धरली. मुंबईत गोकुळदास तेजपाल धर्मादाय खात्याचा चिटणीस. ज्याने लेखणीच्या कुशीत राहायचं ठरवलं होतं तो पुन्हा हजेरीवर सही करू लागला. मनानेही तो बदलला होता. तरुणपणी ज्या परंपरेवर तुटून पडला तिच्याचकडे तो वळला. सुधारकांनी घाई केली, असं त्याला वाटू लागलं. १८८५ च्या धर्मविचार ह्या पुस्तकात हे सगळं आहे. जुने मित्र नाराज झाले, जुन्या शत्रूंना आनंद झाला. नोकरीत तो चार वर्षंही जगला नाही. फेब्रुवारी १८८६ मध्ये मुंबईत गेला. वय अवघं बावन्न.

गोष्ट संपली तेव्हा वसईकर म्हणाला, म्हणजे शेवटी हरलाच की. मला लगेच उत्तर सुचलं नाही. आज सुरतेच्या विद्यापीठाला त्याचं नाव आहे, घोडदोड रोडवरच्या मोठ्या ग्रंथालयाला त्याचं नाव आहे, हे खरं. पण पाट्या लागल्या म्हणून माणूस जिंकला असं मला म्हणायचं नव्हतं. देणेकरी दारात उभा राहिला तेव्हा ह्या पाट्या नव्हत्या.

परत निघालो तेव्हा एक वाजून गेला होता. वाटेत एका लारीवर अंड्याचा घोटाळो खाल्ला, तव्यावर चमच्यांचा नुसता गजर चालला होता. तिथं बाकावर बसलेले निम्मे लोक पाळीवरचे होते. कुणी सुटलेला, कुणी अर्ध्या तासाची सुट्टी घेऊन आलेला. कपड्यांवर धाग्यांचा बारीक भुगा. एक मराठी बोलत होता, एक ओडिया, पैसे दोघांनी गुजरातीत विचारले. डोंबिवलीकर माझ्या कानाशी हळूच म्हणाली, की हे आहे होय तुमचं नाइटलाइफ. पहिल्या रात्रीसारखी मी ह्या वेळी ओशाळले नाही. होय, हेच. देशभर नेसल्या जाणाऱ्या साड्या ज्या शहरात विणल्या जातात, त्याची रात्र अशीच असणार. माझे पप्पाही तेव्हा एका कारखान्यात बारा तासांच्या रात्रपाळीवर होते. तार तुटली की सांधायची, एवढ्यासाठी रात्रभर डोळे उघडे. पंचवीस वर्षं. त्यांच्या जागरणावर मी शिकले.

तेव्हा मला वसईकराचं उत्तर सापडलं. जागल्या जिंकतही नाही आणि हरतही नाही. त्याची रात्र असते तेवढी तो फिरतो, मग थकतो, आणि घरी जातो. नर्मदला चोवीस वर्षांनी थकवा आला. चोवीस वर्षं! माझ्या आजच्या वयाहून तीन वर्षं जास्त. त्याला पराभव म्हणण्याआधी मी निदान चोवीस महिने तरी जागून दाखवायला हवं.

पहाटे पाच-दहाच्या फ्लाइंग राणीने चौघं परत निघाले. आईची एकच तक्रार होती, की रविवार असून पोरं मिस्सा बुडवून चालली. स्टेशनवरून मी कोसाडला आले तेव्हा सात वाजत होते आणि पप्पा जिना चढत होते. मी त्यांच्या हातातला डबा घेतला. त्यांनी विचारलं, दाखवलंस का सगळं गाव? मी हो म्हटलं. मग त्यांना बी.एड.बद्दल सांगितलं, की मी फॉर्म भरते, पण रात्री लिहीन, आणि ते सुटणार नाही. ते थोडा वेळ बूट काढत बसले. मग म्हणाले, की रात्री काम करायचं असेल तर दुपारी झोपायला शीक, नाहीतर हात चुकतो.

नर्मदला असं सांगणारं कुणी भेटलं होतं का, कोण जाणे.